सरळ रेषेतील धाव : शेपटीच्या चाकाची जुनी विमाने आणि संगणकावरील उड्डाणाभ्यास

विमानाविषयी बोलणे निघाले की आपले लक्ष बहुधा आकाशाकडे जाते. परंतु जुन्या काळच्या विमानविद्येत नवशिक्याची पहिली परीक्षा आकाशात होत नसे, ती जमिनीवरच होत असे. धावपट्टीच्या एका टोकापासून विमान सरळ रेषेत धावत न्यावयाचे आणि त्याने आपोआप जमीन सोडेपर्यंत ती रेषा मोडू द्यावयाची नाही, एवढीच ती परीक्षा. ऐकण्यास ही गोष्ट क्षुल्लक वाटते. सायकल चालविणारा कोणताही मुलगा म्हणेल, रुंद आणि मोकळ्या पट्टीवरून सरळ जाण्यात अवघड ते काय? परंतु ज्या विमानांच्या शेपटीखाली लहानसे चाक असते, त्यांच्या बाबतीत ही सरळ रेषाच सर्वांत अवघड ठरते.

आज घरच्या अथवा शाळेच्या संगणकावर विमानोड्डाणाचा आभास निर्माण करणारी साधने, म्हणजेच फ्लाइट सिम्युलेटर, चालविता येतात. त्यांत आधुनिक विमानांच्या जोडीला जुनी विमानेही असतात. हौसेने असे जुने विमान निवडणारा विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात बहुधा धावपट्टी सोडून गवतात जातो, आणि संगणकात काही बिघाड असावा असे समजून दुसऱ्या विमानाकडे वळतो. वस्तुतः बिघाड काहीच नसतो. ते विमान आपल्या स्वभावाप्रमाणे वागत असते. तो स्वभाव कोणता, त्याची कारणे कोणती आणि ती ध्यानी घेऊन उड्डाणाचा अभ्यास कसा करावा, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम विमानाची ठेवण पाहू. आजच्या बहुतेक विमानांना नाकाखाली एक चाक आणि त्याच्या मागे, पंखांच्या आसपास, मुख्य चाकांची जोडी असते. जमिनीवर ती आडवी, सपाट उभी असतात. जुन्या विमानांत याच्या उलट मुख्य चाके पुढे आणि लहान चाक शेपटीखाली असे. कित्येकांना तर चाकाऐवजी केवळ घसरती पट्टी असे. असे विमान शेपटी टेकून आणि नाक वर करून उभे राहते. त्या काळी उड्डाणे गवताळ, ओबडधोबड मैदानांवरून होत. नाक उंच असले म्हणजे प्रॉपेलरची पाती जमिनीपासून दूर राहत, आणि शेपटीचे चाक वजनाला हलके व बनविण्यास सोपे असे. म्हणजे ही रचना अडाणीपणाची नव्हती, त्या काळच्या गरजेतून ती आली होती.

या रचनेची किंमत मात्र वैमानिकाला मोजावी लागे. बैलगाडीत मागच्या बाजूस ओझे अधिक झाले की गाडी उलाळ होते, हे खेड्यातील मुलांना ठाऊक असते. या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणून ती उलाळ गाडीप्रमाणे मागे टेकतात. उभे असताना यात काही बिघडत नाही, परंतु धावू लागताच अडचण येते. समजा, धावताना विमानाचे नाक थोडे डावीकडे वळले. चाके डावीकडे जाऊ पाहतात, पण मागे असलेला भार जडत्वामुळे पूर्वीच्याच दिशेने सरळ जाऊ पाहतो. तो शेपटीला बाहेर लोटतो आणि नाक अधिकच वळते. जितके वळते तितके लोटणे वाढते, आणि लोटणे वाढले की वळणे वाढते. वेळीच आवरले नाही तर विमान गर्रकन गिरकी घेऊन उलट तोंड करून उभे राहते, आणि प्रसंगी पंख जमिनीला घासून मोडतो. या गिरकीला फ्रेंच वैमानिकांनी ‘लाकडी घोडा’ असे नाव दिले होते. जत्रेतील गोल फिरणाऱ्या चक्रावरचे लाकडी घोडे त्यांच्या मनात होते.

याचा पडताळा सहज पाहता येतो. मोठ्या दुकानांत सामानाची ढकलगाडी असते. तिची पुढील चाके कोणत्याही दिशेस वळतात, मागील चाके स्थिर असतात. ती नेहमीप्रमाणे पुढे ढकलली तर मुकाट्याने सरळ जाते. तीच उलटी करून, स्थिर चाके पुढे येतील अशी, जोराने ढकलून सोडली तर क्षणात गर्रकन फिरते. नाकाखाली चाक असलेले विमान म्हणजे सुलटी ढकललेली गाडी, आणि शेपटीखाली चाक असलेले विमान म्हणजे उलटी ढकललेली गाडी. पहिली आपली चूक आपण सुधारते, दुसरी आपली चूक आपण वाढविते. सगळ्या विषयाचे मर्म या एका वाक्यात आहे.

परंतु नाक मुळात वळतेच का? त्याला चार कारणे आहेत, आणि चारही कारणे प्रॉपेलरच्या फिरण्यातून निघतात. वैमानिकाच्या आसनावरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा प्रॉपेलर आपण गृहीत धरू.

पहिले कारण हवेचा पीळ. प्रॉपेलर हवा केवळ मागे लोटत नाही, तिला पीळ देतो. ही पिळलेली हवा विमानाच्या धडाभोवती फिरत जाऊन शेपटीच्या उभ्या पात्यावर डावीकडून आदळते. शेपटी उजवीकडे ढकलली जाते, म्हणजेच नाक डावीकडे वळते.

दुसरे कारण न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे. इंजिन प्रॉपेलरला एका दिशेने फिरविते, तेव्हा प्रतिक्रिया म्हणून विमानाचे धड विरुद्ध दिशेने कलू पाहते. जमिनीवर असताना ते पूर्ण कलू शकत नाही, पण डाव्या चाकावर भार वाढतो. त्या चाकाचे घर्षण वाढून विमान डावीकडे ओढले जाते.

तिसरे कारण नाक वर असण्याचे. शेपटी टेकलेली असताना प्रॉपेलरचे चक्र मागे झुकलेले असते. त्यामुळे खाली येणारे उजवीकडचे पाते हवेला अधिक कोनात कापते व अधिक ओढ देते, आणि वर जाणारे डावीकडचे पाते कमी ओढ देते. ओढ उजवीकडे अधिक म्हणून नाक पुन्हा डावीकडेच वळते. शेपटी उचलली जाऊन विमान सपाट झाले की हे कारण जवळजवळ नाहीसे होते.

चौथे कारण सर्वांत चमत्कारिक आहे. वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्याला बाजूने टोचले तर तो टोचल्या दिशेस न पडता वेगळ्याच दिशेस कलतो, हे भोवरा खेळणाऱ्या मुलांनी पाहिले असेल. फिरणाऱ्या वस्तूवर लावलेल्या बलाचा परिणाम फिरण्याच्या दिशेने काटकोनात पुढे जाऊन दिसतो. प्रॉपेलर हाही एक मोठा भोवराच होय. शेपटी वर उचलली जाते तेव्हा त्याच्या वरच्या कडेला जणू पुढे ढकलले जाते, पण परिणाम काटकोन पुढे, उजव्या कडेवर दिसतो. उजवी कड पुढे जाते आणि नाक डावीकडे वळते. म्हणून शेपटी उचलण्याचा क्षण हा धावेतील अवघड क्षण असतो. एक कारण मावळत असते आणि त्याच वेळी दुसरे उभे राहते.

हे सर्व वाचून एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, ‘मग नियम सोपा आहे : उजवे पेडल दाबावे.’ पायांजवळची दोन पेडले सुकाणू फिरवितात, आणि उजवे दाबले की नाक उजवीकडे येते, हे खरे. परंतु या ठिकाणी घोकंपट्टी किती घातक ठरते पाहा. ब्रिटनचे टायगर मॉथ हे प्रसिद्ध द्विपंखी शिक्षणविमान १९३१ साली प्रथम उडाले, आणि पुढे आपल्या देशातही अनेक वैमानिकांनी त्यावर धडे घेतले. त्याचे इंजिन प्रॉपेलरला उलट दिशेने फिरविते. म्हणून ते उजवीकडे ओढते आणि डावे पेडल मागते. स्पिटफायर या लढाऊ विमानाची गोष्ट तर याहून बोधप्रद आहे. त्याच्या आरंभीच्या प्रकारांत मर्लिन इंजिन होते व विमान डावीकडे ओढे. पुढील प्रकारांत अधिक शक्तीचे ग्रिफन इंजिन आले. ते उलट फिरणारे असल्याने तेच विमान आता उजवीकडे, आणि तेही अधिक जोराने, ओढू लागले. ज्याच्या पायाला केवळ ‘उजवे’ एवढेच पाठ होते, त्याचा पाय विमानाला सावरण्याऐवजी गिरकीकडेच लोटणार! ज्याला कारण ठाऊक होते, त्याला मात्र प्रॉपेलर कोणत्या बाजूस फिरतो एवढे पाहिले की पुरे होते.

नवशिक्याच्या हातून चुका होणारच, आणि विमानातील चूक महाग पडते. म्हणून चूक करण्यासाठी एखादी सुरक्षित जागा असावी, हा विचार विमानाइतकाच जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समधील लष्करी विमानशाळांत यासाठी एक मजेदार युक्ती योजिली होती. ब्लेरिओ जातीच्या विमानांचे पंख आखूड करून ती विद्यार्थ्यांना देत. ही विमाने मैदानावर वेगाने धावत, पण उडू शकत नसत. म्हणून त्यांना ‘पेंग्विन’ म्हणत. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेंग्विन सरळ नेणे हा पहिला धडा असे. ‘लाकडी घोडा’ तेथे वारंवार दिसे, पण उंचीवरून पडण्याचे भय नसे.

दुसरी युक्ती अमेरिकेत निघाली. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो बनविण्याचा कारखाना होता. हवेच्या भात्यांवर चालणारी ती वाद्ये पाहत वाढलेल्या लिंक यांनी १९२९ साली त्याच भात्यांचा उपयोग करून एक लहानसे खोटे विमान तयार केले. ते जागेवरच राहून दांड्याच्या व पेडलांच्या हालचालीप्रमाणे झुके आणि वळे. आरंभी लोकांनी ते करमणुकीचे यंत्र मानले. पुढे १९३४ साली अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम येऊन पडले. हिवाळ्यातील वाईट हवेत, केवळ उपकरणांच्या आधाराने उडण्याचा सराव नसल्यामुळे, त्यांतील कित्येक मृत्युमुखी पडले. तेव्हा सैन्याने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात तर अशा यंत्रांवर असंख्य वैमानिकांनी अभ्यास केला.

या दोन युक्तींची तुलना केली असता एक गोष्ट लक्षात येते. पेंग्विनला जमीन होती पण आकाश नव्हते. लिंकच्या झाकलेल्या पेटीला आकाश होते पण धावपट्टी नव्हती. सामान्य माणसाच्या आटोक्यातील साधनात या दोहोंचा मेळ संगणकाने घातला. ब्रूस आर्टविक यांनी १९८० च्या सुमारास घरगुती संगणकासाठी उड्डाणाचा कार्यक्रम सिद्ध केला, आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने तो आपल्या नावाने प्रसिद्ध केला. विमानोड्डाणाच्या शताब्दीनिमित्त २००३ साली निघालेल्या त्याच्या आवृत्तीत कर्टिस जेनी, लॉकहीड व्हेगा, पायपर कब, डग्लस डीसी-३ अशी ऐतिहासिक विमाने मुद्दाम घातलेली होती. ज्यांना खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी फ्लाइटगिअर नावाचा विनामूल्य सिम्युलेटर आहे. निरनिराळ्या देशांतील हौशी मंडळींनी तो मिळून घडविला आहे. त्यातही कब आहे.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू. आरंभासाठी पायपर जे-३ कब हेच विमान उत्तम. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत ही विमाने सुमारे वीस हजार बनली. त्यांच्या परिचित नमुन्यात केवळ ६५ अश्वशक्तीचे इंजिन असते, आणि ताशी सुमारे ३८ मैलांच्या, म्हणजे ६१ किलोमीटरच्या वेगाखाली त्याचे पंख विमानाला तोलू शकत नाहीत. इतके ते सावकाश चालणारे आहे. ओढ थोडी आणि वेग कमी असल्याने विचार करण्यास अवधी मिळतो.

बसण्यापूर्वी तीन गोष्टींची सिद्धता करावी. पहिली अशी की, सिम्युलेटरमध्ये नवशिक्याच्या सोयीसाठी सुकाणू आपोआप हलविण्याची योजना असते, ती बंद करावी. ती चालू असेल तर आपले पाय जे शिकावयाचे तेच काम यंत्र करील. दुसरी अशी की, कळफलकाच्या कळांनी सुकाणू हलविणे टाळावे, कारण कळ दाबल्याने सुकाणू बेताने हलविणे कठीण जाते. पेडले मिळाल्यास उत्तम. नाही तर मनगटाने पिळता येणारी जॉयस्टिक चालते. तिसरी अशी की, आरंभी वारा शून्य ठेवावा आणि धावपट्टी लांब-रुंद निवडावी. एका वेळी एकच शत्रू पुरे.

विमान धावपट्टीवर आल्यावर पहिली अडचण दृष्टीची येते. कबमध्ये एकटा वैमानिक मागच्या आसनावर बसतो, आणि वर उचललेले नाक पुढचा रस्ता झाकून टाकते. म्हणूनच या विमानांना जमिनीवर हळू चालविताना नागमोडी न्यावे लागते, म्हणजे आलटून पालटून दोन्ही बाजूंनी पुढचे दिसते. चार्ल्स लिंडबर्ग यांनी २० मे १९२७ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसकडे एकट्याने उड्डाण केले, तेव्हा त्यांच्या विमानाला पुढे पाहण्याची काचच नव्हती, कारण त्या जागी इंधनाची मोठी टाकी होती. बाजूच्या खिडक्यांतून पाहत त्यांनी ते जड विमान ओल्या मैदानावरून उचलले. सिम्युलेटरवरही हीच रीत वापरावी. नाकाच्या दोन्ही अंगांस धावपट्टीच्या कडा किती दिसतात ते पाहावे. दोन्हींकडे सारखे दिसत असेल तर आपण मध्यावर आहोत. एकीकडचे वाढू लागले की रेषा मोडू लागली असे समजावे. प्रत्यक्ष विमानात डोळ्यांच्या कोपऱ्यांतून ही जाणीव आपोआप होते. संगणकाचा पडदा अरुंद असल्याने दृश्याचा आवाका थोडा वाढवून घ्यावा लागतो.

नंतर विमान चार-सहा हात पुढे सरकवून शेपटीचे चाक सरळ झाले आहे याची खात्री करावी. दांडा पूर्ण मागे ओढून धरावा, म्हणजे शेपटी जमिनीवर दाबलेली राहील आणि तिचे चाक वळणाला आवर घालील. आता थ्रॉटल उघडावा, पण एकदम नव्हे. मनात चार अंक मोजत तो पुढे न्यावा. शक्ती एकदम दिली की वर सांगितलेली पहिली तीन कारणे एकदम अंगावर येतात, आणि हवेचा वेग कमी असल्याने सुकाणूला अद्याप पुरेसे बळ आलेले नसते. शक्ती हळूहळू दिली की ओढ आणि सुकाणूचे बळ बरोबरीने वाढतात.

याच वेळी उजवे पेडल थोडे दाबावे. किती दाबावे याचे माप सांगता येत नाही, आणि सांगूही नये. नाक डावीकडे जाऊ लागल्याबरोबर दाबावे, ते थांबले की लगेच सैल सोडावे, पुन्हा लागल्यास पुन्हा दाबावे. नवशिक्याची खरी चूक दाबण्यात नसून दाबून धरण्यात असते. नाक मध्यावर परत येईपर्यंत तो पाय दाबून धरतो. तोपर्यंत नाकाला उजवीकडे जाण्याची गती मिळालेली असते आणि ते मध्य ओलांडून जाते. मग तो घाबरून डावीकडे जोराने दाबतो. अशा रीतीने प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होत जाऊन शेवटी गिरकी येते. तळहातावर छडी उभी तोलून पाहावी. छडी पुष्कळ कलेपर्यंत वाट पाहणारा हरतो. तिचा कल सुरू होताच हात किंचित हलविणारा तिला हवी तितकी वेळ उभी ठेवतो. विमानाच्या पायांचेही तेच आहे. ते सतत थोडे थोडे हलत असले पाहिजेत.

वेग वाढू लागला की दांडा मागून मध्यावर आणावा आणि मग किंचित पुढे न्यावा. शेपटी सावकाश वर येईल. या क्षणी भोवऱ्याचे ते चौथे कारण जागे होते, म्हणून उजव्या पायाने क्षणभर थोडे अधिक दाबण्याची तयारी ठेवावी. दांडा एकदम पुढे ढकलला तर शेपटी झटक्याने उठते आणि नाकही तितक्याच झटक्याने वळते. शेपटी वर आली की समोरची धावपट्टी प्रथमच स्वच्छ दिसते. आता दृष्टी जवळ न ठेवता धावपट्टीच्या शेवटाकडील एखाद्या दूरच्या खुणेवर ठेवावी, म्हणजे लहानसा बदलही लगेच कळतो. वेग वाढला की सुकाणूत बळ येते, म्हणून पायांच्या हालचाली अधिकाधिक लहान कराव्यात. ताशी चाळीस-पंचेचाळीस मैलांच्या सुमारास विमान स्वतःच जमीन सोडू पाहील. त्याला ओढून उचलू नये, केवळ परवानगी द्यावी. जमिनीलगत थोडा वेग घेऊ द्यावा आणि ताशी सुमारे ५५ मैल झाले की चढू द्यावे.

हे जमू लागल्यावर वाऱ्याला निमंत्रण द्यावे. आडवा वारा शेपटीच्या उभ्या पात्यावर दाब देतो, आणि विमान वातकुक्कुटासारखे वाऱ्याकडे तोंड करू पाहते. म्हणून सुकाणू वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस लागते, आणि वारा पंख उचलू नये यासाठी दांडा वाऱ्याच्या बाजूस झुकवावा लागतो. वारा डावीकडून असला तर त्याची ओढ व प्रॉपेलरची ओढ एकत्र येतात. उजवीकडून असला तर त्या परस्परांना काही अंशी छेद देतात. दोन्ही बाजूंनी वारा घेऊन फरक पाहावा. हा स्वतंत्र प्रयोगच आहे.

त्यानंतर टायगर मॉथ घ्यावे, म्हणजे उलट फिरणाऱ्या प्रॉपेलरने आपले ज्ञान पाठांतराचे आहे की समजुतीचे, हे उघड होईल. मग डग्लस डीसी-३, ज्याचा लष्करी प्रकार आपल्याकडे डाकोटा नावाने प्रसिद्ध आहे. त्याला दोन इंजिने असून शेपटीचे चाक सरळ स्थितीत अडकवून ठेवण्याची कळ असते. धावेपूर्वी ती लावावी लागते. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी भारतीय सैनिकांना घेऊन दिल्लीहून श्रीनगरला उतरली ती हीच डाकोटा विमाने. पडद्यावर ते जड विमान सावरताना, तशाच विमानांत सैनिक आणि साहित्य भरून डोंगरांतील धावपट्टीवर ये-जा करणाऱ्यांचे काम काय असेल, याची थोडी कल्पना येते.

या परंपरेत आपल्या मराठी माणसाचाही वाटा आहे. स्वतंत्र भारतात घडलेले एचटी-२ हे शिक्षणविमान १९५१ साली बंगळूर येथे प्रथम उडाले. त्याचे रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूर भागात जन्मलेले. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला होता. एचटी-२ लाही शेपटीखालीच चाक होते, आणि भारतीय वायुसेनेच्या अनेक तरुणांनी त्यावर पहिले धडे गिरविले.

सिम्युलेटरची थोरवी सांगताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. खऱ्या विमानात नाक वळू लागले की डोळ्यांना दिसण्यापूर्वी ते अंगाला जाणवते. शरीर आसनावर एका बाजूस लोटले जाते. टेबलापुढच्या खुर्चीत ही जाणीव नाही. चाक आणि जमीन यांच्यातील घर्षणाचे गणित सर्व सिम्युलेटरांत सारख्या कौशल्याने मांडलेले नसते. कोठे विमान बर्फावर असल्यासारखे घसरते, तर कोठे फाजील आज्ञाधारक असते. घरी केलेल्या सरावाने वैमानिकाचा परवाना मिळत नाही, आणि मिळूही नये. अमेरिकेत १९९१ पासून, परवाना असलेल्या वैमानिकालाही शेपटीच्या चाकाचे विमान प्रमुख म्हणून चालविण्यापूर्वी वेगळे शिक्षण घेऊन शिक्षकाची लेखी संमती मिळवावी लागते. त्याआधीच ज्यांनी अशी विमाने चालविली होती, तेवढ्यांना यातून सूट आहे.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र यंत्रात नसून आपल्यात आहे. सिम्युलेटरमध्ये विमान गवतात गेले की एक कळ दाबावी आणि सर्व पूर्ववत व्हावे, अशी सोय असते. या कळीमुळेच हे साधन शिक्षणाचे होते, आणि हिच्यामुळेच ते निव्वळ खेळ होऊन बसते. गिरकी आली, कळ दाबली, पुन्हा धाव, पुन्हा गिरकी, पुन्हा कळ, असे शंभर वेळा केले तरी शंभर वेळा तीच चूक पक्की होते. आमची सूचना अशी की, जवळ एक वही ठेवावी. विमान मोडले की कळ दाबण्यापूर्वी एक ओळ लिहावी : नाक कोणत्या बाजूस गेले, केव्हा गेले, शक्ती वाढविताना, शेपटी उचलताना की जमीन सोडताना, आणि चार कारणांपैकी त्याचे कारण कोणते. असे उत्तर लिहिले म्हणजेच ती चूक आपल्याला काही शिकवून गेली. पालकांनीही मुलगा अथवा मुलगी किती वेळ संगणकापुढे बसते एवढेच न पाहता ही वही पाहावी. वहीत काही असेल तर तो वेळ अभ्यासाचा आहे.

पेंग्विन चालविणाऱ्यांना प्रत्येक गिरकीनंतर यंत्र उचलून सरळ करण्यास वेळ लागे, आणि तेवढ्या वेळात काय चुकले याचा विचार होऊन जाई. आमच्या साधनाने तो वेळ आपल्या हातून काढून घेतला आहे. तो आपण होऊन परत घेतला पाहिजे. मग पडद्यावरचे ते लहानसे कब एके दिवशी धावपट्टीच्या मध्यरेषेवरून, पायांची केवळ किंचित चाळवाचाळव होत असताना, शांतपणे जमीन सोडील, आणि ते का सरळ गेले हेही चालविणाऱ्याला सांगता येईल.